काकांनी ग्रुप सोडला, आता काय करू?

ताई,

मी 27 वर्षांची आहे. माझे काका इंजिनिअर होते, आता निवृत्त झालेत. शाळेत असताना मला गणित त्यांनीच शिकवलं. गेलं वर्षभर ते घरच्या ग्रुपवर 'हवामान बदल हे थोतांड आहे' अशा अर्थाचे मेसेज टाकतात. तापमान वाढलेलंच नाही असं दाखवणारा आलेख (सोबत जोडलाय), ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन सोडतात, 31 हजार शास्त्रज्ञांनी सह्या करून हे सगळं नाकारलंय, असं बरंच काही. परवा मला राहवलं नाही. रात्री पावणेबाराला मी एका दमात सात लिंक पाठवल्या आणि खाली लिहिलं, 'आधी हे वाचा, मग बोला.' सकाळी त्यांचा मेसेज आला, 'आता तू मला शिकवणार का?' आणि त्यांनी ग्रुप सोडला. त्यांचा 16 वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, अगदी दुसऱ्या टोकाला आहे. '2030 ला सगळं संपणारच आहे, मग अभ्यास कशाला करू?' म्हणतो. रात्ररात्र तसलेच व्हिडिओ बघत बसतो. खरं माझ्या बाजूला असूनही मी दोघांपैकी एकालाही पटवू शकले नाही. कुठे चुकलं माझं?

– एक पुतणी

प्रिय पुतणी,

सात लिंकपैकी एकही काकांनी उघडली नसणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही उघडली नसती. जिला आपण गणित शिकवलं ती मुलगी सगळ्या नातेवाइकांसमोर 'आधी हे वाचा, मग बोला' म्हणाली, की माणसाला बाकी काही दिसत नाही, तेवढी एक ओळ दिसत राहते. तुझी माहिती बरोबर होती, पण ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हा आधी फोन कर. त्या ओळीबद्दल माफी माग. माहितीबद्दल मागू नकोस, ती मागे घ्यायचं काहीच कारण नाही. 'काका, सगळ्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही पाठवलेला आलेख मला तुमच्याजवळ बसून बघायचाय,' एवढं म्हटलंस तरी पुरे. मात्र हे मनापासून म्हण. काकांना तो आलेख का पटला, हे तुलाही अजून ठाऊक नाही, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढे काही बोलता येणार नाही.

आता तो आलेख. 1998 ते 2012, रेघ जवळजवळ आडवी. मी तो नीट पाहिला. त्यात खोटा आकडा एकही नाही, आणि तुला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. हवामान बदलाबद्दलची फसवी माहिती पुष्कळदा खऱ्या आकड्यांचीच बनलेली असते, फसवणूक असते ती कापाकापीत. 1997-98 मध्ये फार मोठा एल निनो आला होता. पॅसिफिक महासागराच्या पृष्ठभागाचं पाणी तापलं, त्यातली उष्णता हवेत आली आणि 1998 हे साल मागच्यापुढच्या सालांपेक्षा खूप वर गेलं. त्या उंच खुंटीला दोरीचं एक टोक बांधलं की पुढची चौदा-पंधरा वर्षं सपाट दिसणारच.

काकांकडे जाताना 1850 पासूनचा पूर्ण आलेख कागदावर छापून ने. मोबाईलवर दाखवू नकोस, त्या पडद्यावर आधीच फार भांडणं झालीत. छापलेल्या आलेखावर दोन कोरे कागद ठेव, एक 1998 च्या डावीकडे आणि एक 2012 च्या उजवीकडे. मधल्या फटीत काकांचाच आलेख दिसेल, तंतोतंत. 'हा तुमचा, बरोबर?' म्हण. मग उजवा कागद हळूहळू सरकव. 2014 हे आधीच्या सगळ्या सालांपेक्षा गरम, 2015 त्याहून गरम, 2016 त्याहून. मग काही वर्षं थोडी खाली-वर, आणि पुढे 2023, 2024. मोजमाप सुरू झाल्यापासून 2024 पर्यंतची सर्वांत उष्ण दहा वर्षं कुठली, तर 2015 ते 2024, ओळीनं दहा. हे दिसलं की डावा कागदही उचल. त्यावेळी तू काही बोलू नकोस. ज्यानं आयुष्यभर आलेख वाचलेत त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

ज्वालामुखीच्या मुद्द्याला हिशेब लागतो, पण तो लहान आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी, अगदी समुद्राखालचे धरूनही, त्याच्या एक टक्क्याइतकंही सोडत नाहीत. काकांना त्याहून जास्त आवडेल तो पुरावा वेगळा आहे. हवेतल्या कार्बनवर तो कुठून आला याची खूण असते. कार्बनचे हलके आणि जड असे प्रकार असतात, आणि वनस्पती हलका कार्बन थोडा जास्त उचलतात. कोळसा आणि तेल हे प्राचीन सजीवांचेच अवशेष, म्हणून त्यांच्यात जड कार्बन-13 कमी असतो. ते जळत राहिले तर हवेतल्या कार्बन-13 चं प्रमाण घसरायला हवं, आणि ते घसरत आलेलं आहे. ज्वालामुखीच्या कार्बनवर ही खूण नसते.

पुढचा मेसेज सूर्यावर बोट दाखवणारा येईल, तो नेहमी येतो. सूर्यच जास्त तापवत असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. पांघरुणाच्या आत ऊब साठावी आणि बाहेर गारवा राहावा, तसं. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्येच गणितानं हे मांडलं होतं, नंतर उपग्रहांनी ते मोजलं, आणि मनाबे यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं.

एवढं सगळं मी लिहितेय खरी, पण हे एका बैठकीत ओतू नकोस. सात लिंकचीच चूक पुन्हा तोंडी होईल. एक आलेख, फार तर एक हिशेब, बाकी काका विचारतील तेव्हा.

31 हजार सह्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात एक धडा आहे. हे निवेदन 1998 मधलं, अमेरिकेतलं. सही करायला विज्ञानाची कुठलीही पदवी चालत होती. डॉक्टर, पशुवैद्य, संगणक शिकलेले, सगळे त्यात आले, आणि हवामानशास्त्र हाच ज्यांचा विषय असे मूठभर. आकडा मोठा दिसतो, पण तो कशाचा आहे हे कुणी विचारत नाही. 2017 मध्ये केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सँडर व्हॅन डर लिंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच निवेदनावर प्रयोग केला. हवामानशास्त्रज्ञांपैकी 97 टक्के माणसामुळे तापमान वाढतंय यावर सहमत आहेत, हे लोकांना सांगितलं तेव्हा ते पटलं. पण पाठोपाठ सह्यांचं निवेदन दाखवलं की पटलेलं जवळजवळ सगळं धुऊन गेलं. मात्र ज्यांना आधीच सावध केलं होतं, की असा एक आकडा तुमच्यापुढे येईल आणि त्यातली चलाखी अशी अशी आहे, त्यांच्या मनात बरंच टिकून राहिलं. मनालाही लस टोचता येते, ही कल्पना विल्यम मॅकग्वायर यांनी 1960 च्या दशकात मांडली होती, तिचाच हा वापर.

म्हणजे नुसतं खरं सांगून भागत नाही, चलाखी उलगडून दाखवावी लागते. खरं आणि खोटं समोरासमोर ठेवलं की ऐकणारा म्हणतो, 'दोन्ही बाजू आहेत, आपल्याला काय कळणार?' आणि दोन्ही सोडून देतो. फसवणाऱ्याला तेवढंच पुरेसं असतं. सिगारेटमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झाल्यावर 1969 मध्ये अमेरिकेतल्या एका तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिलं होतं की शंका हाच आपला माल आहे. तेलाच्या बाबतीत एक्सॉनचं उदाहरण बघ. त्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी 1977 ते 2003 या काळात तापमानवाढीचे जे अंदाज बांधले, त्यातले बहुतेक पुढे बरोबर ठरले, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आणि तीच कंपनी बाहेर लोकांपुढे, हे अजून अनिश्चित आहे, म्हणत राहिली. हे वाचून मला आजही संताप येतो. पण हा संताप काकांवर काढायचा नाही. काकांनी काही विकलेलं नाही. त्यांच्या हातात कुणीतरी कापलेला आलेख ठेवला, आणि तो त्यांनी आपल्या माणसांपर्यंत पोचवला, बहुधा चांगल्या हेतूनंच.

काकांसारख्या माणसाला मी रिचर्ड म्युलर यांची गोष्ट सांगेन. म्युलर अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ. तापमानाच्या जुन्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. केंद्रं शहरांजवळ आहेत, शहरं गरम असतात, म्हणून सरासरी फुगते, असे त्यांचे आक्षेप होते. ते रास्त होते, इंजिनिअरनं घ्यावेत असेच. म्युलर यांनी फॉरवर्ड पाठवले नाहीत, स्वतः गट जमवून हिशेब पहिल्यापासून केला. पैसा देणाऱ्यांत तेलउद्योगातल्या चार्ल्स कोक यांची संस्थाही होती. हजारो केंद्रांच्या नोंदी घेतल्या, आणि 2011 मध्ये तापमानवाढीचा तोच आलेख हाती आला. 2012 मध्ये म्युलर यांनी जाहीर लिहिलं की वाढ खरी आहे आणि ती जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. काकांना या गोष्टीत आपली हार दिसणार नाही. शंका घेणारा माणूस शंकेच्या शेवटापर्यंत गेला तर काय होतं, ते दिसेल.

एक अडचण आपल्या भाषेतही आहे. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. पुस्तकात 'हवा' म्हणजे या घटकेची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे पुष्कळ वर्षांची सरासरी, असा साफ फरक आहे. बातम्यांत मात्र उद्या पाऊस पडणार का, यालाही 'हवामानाचा अंदाज' म्हणतात. मग थंडीची लाट आली की कुणीही सहज विचारतं, 'कुठे गेला तुमचा हवामान बदल?' त्याला हसू नकोस. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द दिलाय, तर त्याची गफलत होणारच. मी वर्गात सांगत असे की हवा म्हणजे माणसाचा आजचा मूड आणि हवामान म्हणजे त्याचा स्वभाव. एका दिवसाच्या हसण्यावरून कुणी स्वभाव ठरवत नाही. हे मुलांना लगेच कळायचं.

आता जरा आपल्या बाजूकडेही बघू. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास मांडणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. तिच्या 2007 च्या अहवालात, हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील, असं एक वाक्य गेलं होतं. ते चूक होतं. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीनं ते मान्य केलं. काका हे काढतील तेव्हा झटकू नकोस. 'हो, ते चुकलं होतं, हिमनद्या वितळतायत पण त्या वेगानं नाही,' असं सरळ म्हण. माझीही एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी मुलांना सांगत असे की ओझोनला भोक पडलंय, तिथून ऊन जास्त येतं, म्हणून पृथ्वी तापते. हे साफ चूक आहे. ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न. चूक कळली त्या दिवशी रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात उभी राहिले आणि 'परवा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं' म्हणून सुरुवात केली. मला वाटलं होतं, मुलांचा विश्वास उडेल. त्या वर्षी त्या वर्गानं मला जितके प्रश्न विचारले तितके कुणी कधी विचारले नव्हते.

याच ओझोनवरून मी तुझ्या भावाकडे येते. त्याची मला जास्त काळजी वाटते. काका निदान चिडतात तरी, त्यानं हात टेकलेत. 2030 ला सगळं संपणार, ही सुद्धा चुकीची माहितीच आहे, फक्त ती आपल्या बाजूनं येते म्हणून आपण तिला बोलत नाही. तिचं मूळ 2018 चा आयपीसीसीचा अहवाल. त्यात म्हटलं होतं की औद्योगिक युगाआधीच्या तापमानापेक्षा होणारी वाढ 1.5 अंशांवर रोखायची तर 2030 पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन 2010 च्या तुलनेत साधारण 45 टक्क्यांनी खाली यायला हवं. उत्सर्जन कमी करण्याची ती मुदत होती. पुढे सांगणाऱ्यांनी तिची जगबुडीची तारीख केली. 2030 नंतर 2031 येणारच आहे, आणि ते कसं असेल हे तोवर काय केलं यावर ठरणार आहे.

'सगळं ठीक होईल' असं मात्र त्याला सांगू नकोस. 16 वर्षांच्या मुलाला खोटा धीर लगेच ओळखता येतो. त्याला अंशाअंशातला फरक दाखव. 1.5 अंशांनी तापमान वाढलं तर उथळ उबदार समुद्रातले 70 ते 90 टक्के प्रवाळ जातील, 2 अंशांनी वाढलं तर 99 टक्क्यांहून जास्त. दोन्ही आकडे वाईट आहेत, पण त्यांच्यामधलं अंतर म्हणजे कितीतरी जिवंत समुद्र. 'आता उशीर झाला' हे वाक्य कुठल्याही टप्प्यावर खरं ठरत नाही ते यामुळे. शास्त्रज्ञांचं आजचं आकलन असं आहे की कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणलं की त्यामुळे होणारी तापमानवाढ जवळपास तिथेच थांबते. हे त्याच्या व्हिडिओंत कुणी सांगत नसणार. 2010 ते 2019 या काळात सौर विजेचा खर्च सुमारे 85 टक्क्यांनी उतरला, हेही नसणार. आणि ओझोनचं काय झालं ते सांग. 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, जगातल्या देशांनी ओझोनला घातक रसायनं बंद करत आणली, आणि आज ओझोनचा थर भरून येतोय. काकांच्या ग्रुपवर 'ओझोनचीही अशीच भीती घातली होती, झालं का काही?' असा मेसेज फिरतच असेल. काही झालं नाही, कारण माणसांनी वेळेवर काम केलं.

ग्रुपवर असे मेसेज पुढेही येतील. प्रत्येकाला उत्तर देत बसू नकोस, त्यात तूच झिजशील. देशील तेव्हा दोन-चार वाक्यं, तुझ्या स्वतःच्या शब्दांत. आधी खरं काय ते, मग मेसेजमध्ये कुठे कापाकापी झाली ते, मग पुन्हा खरं. त्यांचं चित्र परत चिकटवू नकोस. तीच ती गोष्ट पुनःपुन्हा कानावर पडली की ती खरी वाटायला लागते, हे 1977 पासून प्रयोगांतून दिसत आलंय. चित्र पसरवायला आपला हात कशाला लावायचा? आणि लिहिताना डोळ्यांसमोर पाठवणारा ठेवू नकोस, गप्प बसून वाचणारे पंधरा जण ठेव. त्यांचं मत अजून बनायचंय. पाठवणाऱ्याशी बोलायचं ते एकट्यानं, समोर बसून.

काका एका दुपारीत बदलणार नाहीत. आलेख मान्य करतील आणि तरी 'पण' म्हणतील. त्या 'पण'पाशी थांब. त्यांना विचार, 'काका, समजा हे खरं निघालं, तर त्यातलं काय तुम्हाला नको वाटतं?' आजवरचा माझा अनुभव असा, की माणसांचं भांडण बहुतेक वेळा तापमानाशी नसतंच. उपाय म्हणून आपल्यावर काय लादलं जाईल, याची धास्ती असते. आपण आयुष्यभर जे उभं केलं त्याला आता गुन्हा म्हणतायत, असंही वाटतं. काकांसारख्या इंजिनिअरचे आक्षेप खरे आणि कामाचेही असू शकतील. सूर्य मावळल्यावर वीज कुठून आणायची? एवढी वीज साठवायची कशात? एवढ्या तारांचं जाळं कोण उभारणार? यांची उत्तरं तुझ्याकडे नसतील तर नाहीत म्हण आणि त्यांनाच विचार, तुम्ही असतात तर काय केलं असतं.

आणि त्या दिवशी भावालाही तिथेच बसव. आलेखावरचे कागद सरकवायचं काम त्याच्याकडे दे. वीज कशात साठवायची, हे वडील सांगायला लागतील तेव्हा तो ऐकत असू दे. झालं की मला कळव.

– ताई